उलट्या हातानं

लोखंडाच्या कोणत्याही वस्तूला ते आधी उलटा हात लावायचे. फाटकाची कडी असो, फ्रिजचं दार असो की एसटीचा दांडा असो, बोटांची मागची बाजू हळूच टेकवायची, चटकन मागे घ्यायची, जरा थांबायचं आणि मगच हात सरळ करून धरायचं. आमच्याकडे चहा दिला तर स्टीलच्या पेल्यालाही तोच मान मिळायचा. मला आधी वाटायचं, चहा गरम असतो म्हणून करत असतील. मग एकदा थंड पाण्याच्या पेल्यालाही तसंच करताना पाहिलं.

कुणी हसलं की ते समजावून सांगायचे. "सरळ हातानं धरलं अन् करंट असला तं मूठ मिटते. मंग थो सोडत नाही. उलट्या हाताले फेकून देते. फेकलेला मानूस जगते."

आम्ही त्यांना लाइनमनकाका म्हणायचो. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण ज्या गोष्टीसाठी ते मला आठवतात ती नावासकट सांगण्यासारखी नाही. नेरला आमच्या गल्लीत, आमच्या घरासमोरच्या दोन खोल्यांत ते आणि काकू भाड्यानं राहायचे. मूळचे फुलसावंगीकडच्या एका तांड्यावरचे. नवराबायको आपसात बंजाऱ्यांची गोरबोली बोलायचे, आमच्याशी वऱ्हाडी आणि साहेबलोकांशी हिंदी. साऱ्या जन्माची नोकरी खांबांवर चढण्यात गेली आणि निवृत्त झाल्यावर स्वतःच्या घरातला बल्ब बदलायलाही ते मेन बंद करून, लाकडी स्टुलावर चढून, एक हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. मास्तरांसमोर उभा केलेला पोर जसा दिसतो तसे. दुसरा हात मोकळा राहिला तर तो नको तिथं टेकतो, असं त्यांचं म्हणणं.

आता लाइनमन आणि करंटला भिणारा, म्हणजे हलवायानं साखरेला भ्यावं तसलाच प्रकार. गल्लीनं त्यांना भेकड ठरवून टाकलं होतं. तुमच्याकडेही असा एखादा माणूस असेल, ज्याच्या भीतीवर सगळी आळी पोट धरून हसते आणि संकट आलं की त्याच्याच दारात उभी राहते. आमच्याकडे लाइन गेली की काका आधी ओट्यावर येऊन हाक मारायचे, "सगळे हायेत का?" घराघरातून कुणी ना कुणी "हाओ" म्हणेपर्यंत ते आत जायचे नाहीत. पोरं मुद्दाम गप्प राहायची. मग काका चपला घालून त्या घरापर्यंत जायचे आणि पोरं खिदळायची. "आधी मानसं मोजा, मंग फ्यूज पाहा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

एवढं भ्यायला झालं तरी काय, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "भ्यायाले कारन कायले पाह्यजे, सूनबाई?" आणि चहा पिऊन निघून गेले. मला वाटलं, स्वभावच असेल. काही लोकांना पालीची भीती असते, तशी यांना विजेची.

एका शब्दाचा मात्र त्यांना भयंकर राग होता. तो शब्द म्हणजे डायरेक्ट. आमच्या भागात कशानंही अडलं की लोक म्हणतात, डायरेक्ट करून टाका. मीटरजवळचं बटन बिघडलं, वायर डायरेक्ट करा. मोटारीचा स्टार्टर गेला, डायरेक्ट करा. काकांना हे ऐकलं की घाम सुटायचा. स्टँडवर कंडक्टर "डायरेक्ट यवतमाळ, डायरेक्ट यवतमाळ" ओरडायला लागला की आमचे हे, जे स्वतः कंडक्टर आहेत, काकांना मुद्दाम चिडवायचे की बसा ना काका. काका म्हणायचे, मी थांबत थांबत जाईन.

तर अशा माणसाच्या समोरच्या घरात आम्ही विजेची शेगडी आणली.

मी आणि सासूबाई डबे करतो. बँकेतले, तहसीलमधले, बाहेरगावहून बदलून आलेले मास्तर, सगळे आमच्याकडे जेवतात. सिलिंडरची रडगाणी तुम्हाला ठाऊकच आहेत. अशात माझ्या नणंदेच्या सासरच्यांनी अमरावतीचं हॉटेल बंद केलं आणि तिथली विजेची मोठी शेगडी आमच्याकडे पाठवून दिली. वर चार गोल तवे, खाली भट्टी, समोर ओळीनं खटके. एवढं जड धूड की उतरवताना टेम्पोवाला देवाचं नाव घेत होता. सासूबाईंनी तिला हळदकुंकू लावलं. मी तिच्या खटक्यांवरून हात फिरवला आणि मनात म्हटलं, सुटलो एकदाचे.

काकांनी तिच्याकडे पाहिलं ते दुरूनच. शेगडीसाठी बाजारातल्या वायरमननं वेगळी जाड वायर ओढली, तेव्हा काका दिवसभर त्याच्या मागे उभे होते. आणि हट्ट धरून त्यांनी आमच्या बोर्डात एक ब्रेकर बसवून घेतला. साधं फ्यूजसारखं बटन नव्हतं ते. करंट कुठं गळायला लागला तर आपोआप पडणारं होतं. सासूबाईंना ते कळेना, तेव्हा काकांनी त्यांच्या भाषेत सांगितलं.

"वैनी, सकाळी चार बाया निंदाले वावरात गेल्या अन् संध्याकाळी तीनच वापस आल्या, तं तुमी जेवाले बसान का आधी शोधान?"

"शोधीन."

"हे बटन तेच करते. जेवढा करंट गेला तेवढा वापस आला का, मोजते. एक कमी आला का पडते."

सासूबाईंनी मान हलवली, पण त्यांना पटलं नव्हतं. आणि शेगडी पहिल्याच आठवड्यात पडायला लागली. म्हणजे ब्रेकर पडायचा, पण आम्ही शेगडी पडली असंच म्हणायचो. भाजीला फोडणी दिली की टक. भाताला उकळी आली की टक. टक झालं की सगळे तवे गार, आणि समोर अर्धाकच्चा भात घेऊन मी उभी. आजही कुठं बटन पडल्याचा आवाज आला की मी आधी भाताचं झाकण काढून पाहते.

काकांना बोलावलं. ते रबरी चपला घालून, लाकडी पाट घेऊन आले. पाटावर उभे राहिले, एक हात पाठीमागे, दुसऱ्या हातात टेस्टर. सगळे खटके बंद करून ब्रेकर वर केला, राहिला. मग एकेक तवा लावत गेले. पहिला ठीक, दुसरा ठीक, तिसऱ्याला टक. काका एवढ्या जोरात मागे सरकले की पाटावरून खालीच आले. म्हणाले, तिसऱ्या तव्याची कॉइल गेली. आम्ही तिसरा तवा वापरणं बंद केलं. दुसऱ्या दिवशी पहिल्यावरच टक.

मग त्यांनी मागची पत्र्याची झाकणी उघडली. आत वायरींच्या जोडावर एक वाळलेली पाल चिकटलेली सापडली. काकांना आनंद झाला. ही पालच सारं करून राह्यली होती, असं त्यांनी गल्लीभर सांगितलं आणि पाल चिमट्यानं धरून काकूंना दाखवून आले. संध्याकाळच्या पोळ्यांना शेगडी पुन्हा पडली. पुढे त्यांनी वायरीचा पिन बदलायला लावला, कूलरवर संशय घेतला, एकदा तर शेजारच्यांच्या चक्कीवरही घेतला. खरं सांगायचं तर काकांना शेगडीतलं काही विशेष कळत नव्हतं. त्यांचा जन्म तारांवर गेला होता, कॉइलवर नाही. पण दर वेळी जाताना ते एकच सांगून जायचे. पडली तं पडू द्या. चपला घालून सैपाक करा. अन् काही झालं तरी डायरेक्ट करू नोका.

चपला घालून स्वयंपाक ही गोष्ट सासूबाईंच्या घरात होणारी नव्हती. मी शेगडीजवळ एक नवी कोरी रबरी जोडी ठेवली आणि ती फक्त तिथंच घालायची असं ठरवून टाकलं. सासूबाई त्या जोडीकडे रोज सकाळी असं पाहायच्या, जसं काही देव्हाऱ्यात कुणी जोडे ठेवलेत.

त्यांचा स्वभाव सांगायला हवा. आमच्या सासूबाई कशालाच भीत नाहीत. साप निघाला तर काठी शोधायला जाणाऱ्या त्या, आणि खाटेवर चढणारे आम्ही सगळे. काकांची भीती त्यांना सहन व्हायची नाही. बटन पडलं की त्या मोठ्यानं म्हणायच्या, "जसा बसवणारा, तसं त्याचं बटन." समोर काकांना ऐकू जाईल अशा बेतानं.

मे महिना होता. शाळेतल्या एका बाईंचा निरोप समारंभ आणि सगळ्या शाळेचं जेवण आमच्याकडे. पाटोडीचा रस्सा, पुऱ्या, भात, जिलबी बाहेरून. सिलिंडर आदल्याच दिवशी संपला होता आणि नवा आज येतो, उद्या येतो चाललं होतं. सकाळी शेगडी लावली, टक. पुन्हा लावली, टक. तिसऱ्यांदा तर वर करून बटन राहीनाच. काका बोरी अरबला कुणाच्या तरी लग्नाला गेलेले. आमचे हे ड्यूटीवर. रस्श्याचं वाटण ओट्यावर काळं पडायला लागलं आणि मी रडायच्या बेताला आले.

सासूबाईंनी बाजारातल्या वायरमनला बोलावलं. तो आला, बोर्ड उघडला, पक्कडीनं दोन वायरी ओढल्या, ब्रेकरला वगळून एकमेकींना जोडल्या आणि झाकण लावलं. सासूबाईंना म्हणाला, "झालं काकू. डायरेक्ट करून देल्ली. आता तिचा बाप बी पडत नाही."

आणि खरंच पडली नाही. चारही तवे लाल झाले. पाटोडीला अशी छान उकळी आली की सासूबाई गुणगुणायला लागल्या. मी मात्र त्या रबरी चपलांतून पाय बाहेर काढला नाही. एकदा मनगट शेगडीच्या कडेला लागलं आणि हातातून कोपरापर्यंत मुंग्या आल्या. सासूबाईंना सांगितलं. त्या पाटावर बसून पुऱ्या लाटत होत्या. म्हणाल्या, हात झोपला असंल तुहा. मी पुन्हा कडेला हात लागू दिला नाही, पण तेव्हापासून माझं लक्ष रस्श्यावर नव्हतं. घरात कुणीतरी आलंय आणि दिसत नाही, असं वाटत होतं. भीती अशीच असते. कशाची ते कळत नाही.

पुऱ्या लाटून झाल्यावर सासूबाई बादली घेऊन मागच्या दारानं पाण्याला गेल्या. नळ एक दिवसाआड. मागच्या बोळात हापशी आहे, चार घरं तीच वापरतात. त्या बाहेर पडल्या आणि समोरच्या दारानं काका आत आले. लग्नाचे नवे कपडे, डोक्यावर टोपी, कपाळाला टिळा, हातात आमच्यासाठी बुंदीचा पुडा. रस्श्याचा वास घेत ते दारातच थांबले आणि लाल झालेल्या चारही तव्यांकडे पाहत राहिले.

"आज नाही पडली?"

मी म्हटलं, "सकाळी वायरमन आला होता, काका. डायरेक्ट करून गेला."

बुंदीचा पुडा त्यांनी कुठं ठेवला ते मला आठवत नाही. त्यांचा चेहरा मात्र आठवतो. रंग उतरणं म्हणतात ते मी त्या दिवशी पाहिलं. त्यांनी एवढंच विचारलं, "अर्थिंग कुठं हाय तुमच्या घराचं?"

मला काय ठाऊक. लग्न होऊन आले तेव्हापासून घर आहे तसं आहे. काका शेगडीच्या मागे वाकले. तिथून एक हिरवी वायर भिंतीवरून खिडकीकडे गेली होती. ती पाहत ते खिडकीशी गेले. वायर बाहेर पडून कुंपणाच्या भिंतीवरून पलीकडे उतरत होती. काकांनी खिडकीतून पाहिलं आणि मीही त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. ती वायर हापशीच्या पाइपला गुंडाळलेली होती.

पूर्वी ती हापशी आमच्याच अंगणात होती. हापशीखालची जमीन ओली राहते, अर्थिंग चांगलं लागतं, म्हणून जुन्या लोकांनी घराचं अर्थिंग तिलाच बांधलं. मग मागून बोळ निघाला, कुंपण आत आलं, हापशी गल्लीची झाली. वायर तशीच राहिली. शेगडीतून जो करंट गळत होता आणि ज्याच्यासाठी ते बटन दिवसातून चारदा पडत होतं, त्याला सकाळपासून कुणी अडवणारं नव्हतं. तो त्या वायरीनं हापशीत जाऊन बसला होता. मे महिन्यात खालची जमीन कोरडी, त्याला उतरायला वाट नाही. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच कळलं की हापशी म्हणजे आता आमची शेगडीच आहे, आणि सासूबाई अनवाणी, बादली खाली ठेवून, पदर खोचून दांड्याकडे हात नेत आहेत.

काकांनी हाक मारली. सासूबाईंना कमी ऐकू येतं, आणि काकांची हाक तर त्या ऐकूनही ऐकत नसत. मग ते धावले. त्या माणसाला धावताना मी कधी पाहिलं नव्हतं. मागच्या दारानं, कुंपणाच्या फटीतून, नव्या कपड्यांनिशी ते सासूबाईंच्या आणि हापशीच्या मध्ये जाऊन उभे राहिले. सासूबाईंनी मागे सरकून त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. काकांनी हापशीच्या दांड्याला उलटा हात टेकवला. हात असा फेकला गेला की त्यांच्या स्वतःच्याच छातीवर आपटला. ते कळवळले, पण बाजूला झाले नाहीत.

बोळाच्या दुसऱ्या टोकानं दोन बाया पाण्यासाठी पितळी गुंड घेऊन येत होत्या. काका तिथून हलले असते, तर कुणीही त्या दांड्याला हात लावला असता. त्यांनी दोन्ही हात पसरले आणि हापशीकडे पाठ करून उभे राहिले. पाठ आणि दांडा यांच्यात वीतभर अंतर असेल. पायाखाली सांडलेल्या पाण्याची ओल. त्यांच्यासारख्या माणसानं त्या जागी उभं राहणं म्हणजे काय, ते मी सांगू शकत नाही.

"सूनबाई, मेन पाडा!"

मी अजून खिडकीतच होते. खरंच सांगते, घरातल्या एकाही वस्तूला हात लावायची मला हिंमत होईना. भिंत, दार, ओटा, सगळ्यात करंट आहे असं वाटत होतं. हात कणकेनं ओले. सासूबाईंचं लाटणं पाटावर पडलं होतं. ते उचललं, मेनच्या दांड्यावर मारलं, चुकलं. पुन्हा मारलं. मेन पडला. पंखा थांबला, तवे हळूहळू काळे पडले.

मी मागे धावले. सासूबाई काकांना फैलावर घेत होत्या. गल्लीच्या हापशीवर पाणी भरू देत नाही म्हणजे काय, लग्नात काही घेऊन आले काय, असं बरंच. गुंडवाल्या दोघी जवळ येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि हसायच्या तयारीत होत्या. मी ओरडून सांगितलं की मेन पाडला. काकांनी हात खाली घेतले. ते मान खाली घालून स्वतःकडे पाहत होते, आणि मीही तिकडे पाहिलं. नव्या फिक्या रंगाच्या पँटवर समोरून गुडघ्यापर्यंत ओल उतरली होती.

सासूबाईंची नजर त्यांच्या तोंडावर होती आणि बाया अजून एका बाजूला होत्या. अजून दोन पावलं पुढे आल्या असत्या तर त्यांना दिसलं असतं. आणि आमच्या गल्लीत एखादी गोष्ट दोन बायांना दिसली की नेरच्या बाजारात जाते.

मला विचार करायला वेळ नव्हता. हापशीशेजारी गुरांसाठी सिमेंटचं टाकं आहे, भरलेलं होतं. मी सासूबाईंची बादली त्यात बुडवली आणि काकांच्या अंगावर रिकामी केली. मग दुसरी. "काकांना करंट लागला, बाजूला व्हा," असं ओरडत तिसरी. टिळा, टोपी, नवे कपडे, सगळं चिंब. शेवाळाचा एक तुकडा त्यांच्या खांद्यावर बसला. बाया हसून हसून वाकल्या. काकांनी तोंडावरचं पाणी पुसलं आणि माझ्याकडे पाहिलं. मला त्या नजरेत काही वाचता आलं नाही. मग ते सगळ्यांना ऐकू जाईल असं माझ्यावर डाफरले.

"करंट लागलेल्या मानसावर कोनी पानी टाकते काय? अक्कल हाय का नाही?"

आणि पच पच पावलं वाजवत घरी गेले.

पुढचं सांगते. शाळेचं जेवण शेजारच्या तीन घरांच्या गॅसवर पार पडलं. हापशीची वायर काकांनीच दुसऱ्या दिवशी सोडवली आणि आमच्या अंगणात खड्डा खणून नवं अर्थिंग करून दिलं. शेगडी आहे अजून, पण तिला वायर नाही. तिच्या भट्टीत आम्ही पापडांचे डबे ठेवतो. सासूबाईंना सगळं समजावून सांगितलं. रात्री त्यांना ताप भरला. ज्या बाईला मी कधी भ्यालेलं पाहिलं नव्हतं, ती माझा हात धरून झोपली. त्यानंतर त्यांनी हापशीला हात लावला नाही, आणि काकांना भेकडही म्हटलं नाही.

गल्लीनं मात्र दुसरीच गोष्ट उचलली. लाइनमनला सूनबाईनं बोळात आंघोळ घातली, ही. वर्षभर चालली. होळीला पोरं काकांच्या दारात बादल्या घेऊन उभी राहिली. मला किती वेळा वाटलं की सांगावं, अरे, हा माणूस त्या दिवशी मध्ये उभा राहिला नसता तर तुमच्यापैकी कुणाची तरी आई गेली असती. पण ते सांगायला लागलं की बादलीचं कारणही सांगावं लागलं असतं. काका स्वतः काही बोलत नव्हते. उलट त्या चिडवण्यात ते सामील व्हायचे आणि मी किती मूर्ख, हे रंगवून सांगायचे. मला राग यायचा. मी पाणी का टाकलं ते त्यांना कळलंच नाही, असंच मी धरून चालले होते.

गेल्या वर्षी ते दोघं तांड्यावर राहायला गेले आणि थंडीत एका सकाळी काका उठले नाहीत. झोपेतच गेले. निरोप आला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, मी बी येतो. बस बदलत बदलत आम्ही पोचलो.

काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांची मुलगी "याडी, पानी पी" म्हणून पेला पुढे करत होती आणि त्या घेत नव्हत्या. मी शेजारी बसले. त्यांनी माझा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि दुसरं कुणी ऐकणार नाही अशा आवाजात बोलायला लागल्या. नोकरी नवी होती तेव्हा काका आणि त्यांचा जोडीदार एकाच खांबावर होते. खालून लाइन बंद केलेली होती, पण कुठल्याशा मंगल कार्यालयानं आपलं जनरेटर तारेवर डायरेक्ट जोडलं आणि उलटा करंट आला. जोडीदार यांच्या शेजारी, हाताच्या अंतरावर, तारेला चिकटून गेला. काकांना दोरानं खाली उतरवलं तेव्हा खाली आठवडी बाजार भरलेला होता.

"तवा बी त्यायची पँट तशीच झालती," काकू म्हणाल्या. "सारा बाजार पाहून राह्यला होता. कोनी पानी नाही टाकलं."